अ‍ॅव्होकॅडोला मोहोर भरपूर, फळ शून्य. हास ठेवू की दुसरी जात लावू?

परसबागवाली_वाई:
नमस्कार मंडळी. वाईजवळ घर आहे, मागे चारेक गुंठे जागा, आंबा चिकू सीताफळ सगळं लावून झालं मग लेकीच्या हट्टापायी अ‍ॅव्होकॅडो. दोन झाडं आहेत. एक हासचं कलम, ५ वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलं, किती पैसे मोजले ते सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही 😀 दुसरं बाजारातल्या मोठ्या हिरव्या फळाची बी टूथपिक टोचून ग्लासात उगवली होती ते. आता गंमत बघा, फुकटचं झाड पत्र्याच्या वर गेलंय पण मोहोराचा पत्ता नाही, आणि पैशाचं झाड माझ्या डोक्याएवढं, पानांची टोकं करपलेली, गेली दोन वर्षं फेब्रुवारीत मोहोर एवढा की पानं दिसत नाहीत आणि मग सगळा सडा खाली. यंदाही आलाय. नर्सरीवाले म्हणतात खत वाढवा. जमीन काळी, पाणी बोअरचं. काय करू? आणि कोणी वेगवेगळ्या जाती लावल्या असतील तर चवीत खरंच फरक असतो का?

भाकरीप्रेमी:
वरणभातावर तूप असताना हे लोणीफळ हवंच कशाला 🙏

बंगळूरचा_बाळू:
ताई खत आधी थांबवा. टोकं करपणं म्हणजे बहुतेक पाण्यातला क्षार, अ‍ॅव्होकॅडोला क्षार अजिबात सोसत नाही आणि वरून रासायनिक खत म्हणजे जखमेवर अक्षरशः मीठ. रोज थोडं थोडं पाणी देत असाल तर तेही बंद करा, क्षार वरच साचतो. त्यापेक्षा काही दिवसांनी एकदाच भरपूर द्या म्हणजे मुळांच्या खाली धुऊन जाईल, फक्त निचरा हवा. पावसाचं साठवता आलं तर सोनं.

चवीचं म्हणाल तर इकडे बटर फ्रूट म्हणतात, पावसाळ्यात हातगाड्यांवर ढीग असतात. मोठी हिरवी फळं, पण बरीचशी पाणचट, म्हणून तर लोक साखर दूध घालून मिल्कशेक करतात, मीठ लावून खायची गोडी त्यात नाही. कूर्गमध्ये चेट्टळ्ळीला बागायती संशोधन केंद्र आहे, तिथून अर्का सुप्रीम आणि अर्का कूर्ग रवी अशा दोन जाती आल्यात. मी अर्का सुप्रीम लावलंय, अजून लहान आहे, फळ खाल्लं की सांगतो.

सॅनदिएगोचे_काका:
माझ्याकडे मागच्या अंगणात हास, फ्युअर्टे आणि रीड आहेत, १४ वर्षं झाली. ताई, तुमच्या झाडाचं फूल नीट बघितलंय का? अ‍ॅव्होकॅडोचं प्रत्येक फूल दोनदा उघडतं, एकदा मादी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. हास ए प्रकारचं, म्हणजे सकाळी मादी, मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर. फ्युअर्टे बी प्रकारचं, बरोब्बर उलटं, दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. म्हणजे एकाला पराग हवा असतो तेव्हा दुसऱ्याकडे तयार असतो. एकट्या हासला फळ धरतच नाही असं नाही, थोडं धरतं, पण बी प्रकारचा सोबती असला तर धरायची शक्यता वाढते. आणि सडा पडतो त्याचं वाईट वाटून घेऊ नका, हजार फुलांतून एखादं टिकलं तरी झाडाला ते पेलायला पुरतं.

चव विचारलीत. हासला अक्रोडासारखा खमंगपणा, पिकलं की साल काळी पडते त्यामुळे कधी कापायचं ते कळतं. फ्युअर्टे पिकूनही हिरवंच राहतं, दाबूनच बघावं लागतं, पण साल पातळ, गर मऊसूत, माझं मत विचाराल तर हासपेक्षा सरस, फक्त एक वर्ष लदबदून येतं आणि पुढच्या वर्षी रुसतं. रीड म्हणजे गोल तोफगोळा, झाड सरळ वर जातं म्हणून कमी जागेत बरं. कुठलंही असो, झाडावर पिकत नाही, उतरवून आठवडाभर घरात ठेवायचं. सुरकुतलं आणि रबरासारखं झालं तर समजा कोवळं काढलंत.

आता तुमच्या ग्लासातल्या झाडाचं. बियांचं झाड आईसारखं फळ देईलच असं नाही आणि फळाला कधीकधी १० वर्षंही लागतात. त्यावर फ्युअर्टेची काडी बांधा. पण सगळं झाड छाटू नका हं! कॅलिफोर्नियात ला हाब्रा हाइट्सला रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमननं बियांच्या रोपावर फ्युअर्टेचंच कलम करायचा प्रयत्न केला होता, ते काही जगेना, वैतागून रोप तोडणार होता पण राहू दिलं, आणि त्यालाच जे फळ लागलं ते हे हास. १९३५ ला पेटंट घेतलं. तुमची एक फांदी तशीच ठेवा, काय सांगावं.

सावंतवाडी_मळा:
सगळ्यांचं बरोबर पण जात नंतर, आधी जमीन. काळ्या मातीत खड्डा करून लावलं असेल तर पावसाळ्यात तो खड्डा म्हणजे बादली. माझं चांगलं ६ वर्षांचं झाड असंच गेलं, मुळं कुजली, पानं गळलीसुद्धा नाहीत, तशीच लटकून वाळली. आता लावतो ते दोन फूट उंच मातीच्या ढिगावर, खाली पालापाचोळ्याचा जाड थर, फक्त खोडाला चिकटू द्यायचा नाही. तुमचं लावून झालंय तर निदान भोवतीनं चर मारून पाणी बाहेर काढा. मुळाशी खुरपं घालू नका, तंतुमुळं अगदी वरच असतात.

परसबागवाली_वाई:
सगळ्यांचे आभार! काकांचं वाचून काल भिंग घेऊन बसले. सकाळी ९ ला उघडलेल्या फुलांत मधली दांडी एकटी उभी आणि बाकीचे तंतू पाकळ्यांना चिकटून आडवे, दुपारी ३ ला बघते तर दुसरीच फुलं उघडलेली आणि त्यांचे तंतू ताठ उभे. म्हणजे ए प्रकार, निदान नर्सरीची चिठ्ठी खोटी नसावी. खड्डा मात्र खरंच केला होता, मिस्टर आज चर मारतायत, तोंडानं बरंच काही चाललंय. आता फ्युअर्टेची काडी कुणाकडे आहे का ते सांगा, वाईपासून पुण्यापर्यंत कुठेही यायला तयार आहे.