मदत हवी: एनफोर्स२ मदरबोर्डवर मेमरीचं व्होल्टेज २.८ च्या वर न्यायचंय

बार्टनप्रेमी:
मंडळी, जुनं सॉकेट ए मशीन पुन्हा उभं केलंय. एनफोर्स२ अल्ट्रा ४०० चिपसेट, बार्टन कोरचा अ‍ॅथलॉन एक्सपी प्रोसेसर आणि २५६ एमबीच्या दोन डीडीआर स्टिक. हीटस्प्रेडर काढून बघितलंय, चिपांवर डब्ल्यू९४२५०८बीएच-५ असंच छापलेलं आहे. तेव्हा "नक्की विनबॉन्ड बीएच-५ च आहे ना?" हा प्रश्न कृपया नको. (बीएच-५ म्हणजे घट्ट टायमिंग आणि जास्त व्होल्टेज सोसणारी नावाजलेली मेमरी चिप.)

२०० मेगाहर्ट्झला २-२-२ टायमिंगवर (मेमरी किती ठोके थांबते त्याचे आकडे, कमी तितकं जलद) मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर बिनतक्रार चालतं. २२५ ला पोचलं की टेस्ट ५ मध्ये एरर सुरू. टायमिंग सैल करायचं नाही, मग बीएच-५ ठेवून उपयोग काय! व्होल्टेज वाढवावं तर बायॉसची सेटिंग २.८ वर हात टेकतं. मला ३.२ हवेत.

मेमरीच्या रेग्युलेटरला चालवणाऱ्या कंट्रोलरची डेटाशीट मिळाली. फीडबॅक पिनचं (आउटपुट किती झालं हे कंट्रोलर जिथून बघतो तिचं) संदर्भ व्होल्टेज ०.८ आहे. त्या पिनपासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टरही सापडला, वर १०२ लिहिलंय, म्हणजे १ किलोओहम. पण मशीन बंद ठेवून मीटर लावला तर सातशेच्या आसपास आकडा येतो. रेझिस्टर गेलाय का? त्याला समांतर पॉट (फिरवून ओहम बदलता येणारा रेझिस्टर) लावायचा तर किती ओहमचा? की नुसत्या पेन्सिलीने भागेल? सोल्डरिंगचा हात बरा आहे, बारीक टोकाची सोल्डरिंगची इस्त्री आहे.

ओहमवाला:
रेझिस्टर ठणठणीत आहे. बोर्डवर असताना मोजलं की एकटा तो मोजला जात नाही. फीडबॅकपासून वर आउटपुटकडे जाणारा दुसरा रेझिस्टर असतो, आणि स्टिक बसवलेल्या असताना मेमरीची रेल (तिला व्होल्टेज पुरवणारी वाट) मीटरच्या दृष्टीने जवळपास ग्राउंडच. म्हणजे दोन्ही समांतर दिसतात. वरचा अडीच किलोओहम असेल तर १ च्या जोडीला मिळून ७१४ ओहम येतात. तुमचा आकडा अगदी बरोबर आहे.

त्यावरूनच पुढचं गणित सुटतं. आउटपुट = ०.८ × (१ + वरचा ÷ खालचा). अडीच आणि एक घातलं की २.८. खालच्याला समांतर रेझिस्टर लावून त्याची किंमत उतरवली की कंट्रोलरला वाटतं व्होल्टेज कमी पडतंय, आणि तो वर ढकलतो. समांतर १० किलोओहम लावले तर ३.०, ५ किलोओहमला ३.२.

१० किलोओहमचा बहुफेरी पॉट घ्या, पण एकटा लावू नका. त्याच्यासोबत एकसरीत ३.९ किलोओहमचा साधा रेझिस्टर टाका. पॉट चुकून शून्यावर गेला तरी गणिताने ३.३२ च्या वर जाणार नाही. नाहीतर फीडबॅक पिन थेट ग्राउंडला टेकते आणि आउटपुट इनपुटला जाऊन भिडतं. पहिल्यांदा चालू करताना पॉट पूर्ण १० किलोओहमवर, बायॉसमध्ये सगळ्यात कमी व्होल्टेज, आणि मीटरची काडी आधीपासून रेलवर धरलेली. तारा आखूड ठेवा. फीडबॅक पिन फार संवेदनशील असते, लांब तार अँटेनासारखी गोंगाट गोळा करते.

पेन्सिल चालते, खालच्या रेझिस्टरच्या पाठीवर दोन टोकं जोडणारा ग्राफाइटचा थर द्यायचा. वरच्यावर घासलीत तर व्होल्टेज उतरेल, एवढं ध्यानात ठेवा. मन भरलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते हा एकच फायदा. आकडा जागेवर राहत नाही, म्हणून मला ती आवडत नाही.

नवाकोरा:
एवढा खटाटोप कशासाठी? डीडीआर४ तर १.२ व्होल्टवर याच्या कितीतरी पट पळते.

बार्टनप्रेमी:
@नवाकोरा, पळते हो. गंमत कुठे आहे त्यात?
@ओहमवाला, ७१४ चं कोडं सुटलं, आभार. पॉट आणि ३.९ किलोओहम दोन्ही घरात आहेत. आज रात्री लावतो.

कथील:
थांबा, इस्त्री तापवू नका अजून. ओहमवाल्यांचं गणित बरोबर आहे, पण ते फीडबॅकचं. रेग्युलेटरच्या पोटात काय येतंय हे कोणी विचारलंच नाही. मेमरी स्लॉटच्या आसपास मॉसफेटजवळ (रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर) तांब्याची तार गुंडाळलेली कॉइल आहे का? मॉसफेटच्या ड्रेनला, म्हणजे पाठीच्या मोठ्या पत्र्याला, मशीन चालू असताना किती व्होल्ट मिळतात? काडी घसरू देऊ नका, शेजारच्या पायाला लागली तर खेळ खलास.

बार्टनप्रेमी:
कॉइल नाही. एकच मॉसफेट आहे, ड्रेनला ३.२८ व्होल्ट.

कथील:
तीच शंका होती. कॉइल नाही म्हणजे तुमचा रेग्युलेटर लिनियर आहे, जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा, आणि तो पॉवर सप्लायच्या ३.३ रेलवरून मेमरीला देतो. जितकं येतं त्यापेक्षा जास्त तो देऊ शकत नाही, आणि नियंत्रण ठेवायला त्याला थोडं अंतरही लागतं. ३.२८ मधून साधारण ३.१ पर्यंत नीट निघेल. पॉट त्यापुढे फिरवलात तर मॉसफेट पूर्ण उघडा पडून राहील, आणि पॉवर सप्लायचा सगळा चढउतार जसाच्या तसा मेमरीला जाईल. आकडा ३.२ दिसेलही, एरर मात्र वाढतील.

काही जण अशा वेळी ड्रेन उचलून त्याला ५ व्होल्टची तार जोडतात. उष्णतेचा हिशोब करा: ४ अँपिअर धरले तर आज ३.२८ चे २.८ करताना मॉसफेट २ वॉटहून थोडा कमी तापतो. ५ चे ३.२ करताना ७ वॉटच्या वर. तो बोर्डच्या तांब्यावर थंड होणारा नग आहे, हीटसिंक आणि पंख्याशिवाय टिकणार नाही. शिवाय तो फुटून आरपार झाला तर स्टिकांना थेट ५ व्होल्ट. बीएच-५ आता नवीन मिळत नाही, मी तरी हा जुगार खेळणार नाही.

दुसरी वाट ३.३ ची रेलच जरा उचलायची. एटीएक्स या पॉवर सप्लायच्या मानकाच्या नियमात ५ टक्के सूट आहे, म्हणजे सुमारे ३.४६ पर्यंत चालतं. २० पिनांच्या कनेक्टरात ११ नंबरच्या खोबणीत नारिंगी तारेसोबत एक बारीक तपकिरी तार असते, ती सेन्सची. सप्लाय तिच्यावरून ३.३ मोजतो. तिच्यात थोडा रोध घातला की रेल वर सरकते, सप्लायचं झाकण उघडावं लागत नाही. आत मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असतात, तिकडे जाऊच नका. पण याच रेलवर एजीपी आणि पीसीआय कार्डांचे स्लॉटही आहेत, आणि ती सेन्सची तार सुटली तर रेल उडू शकते. म्हणून ३.४ च्या आत.

माझं ऐकाल तर आधी पॉटने ३.०५ करा. ते करताना स्टिकच्या १ नंबरच्या पिनवर व्हीरेफ (शून्य की एक हे ठरवणारं संदर्भ व्होल्टेज) मोजा, तिथे मेमरी व्होल्टेजच्या बरोबर निम्मं, १.५२ च्या आसपास दिसलं पाहिजे. टर्मिनेशनचं (सिग्नलच्या तारांच्या टोकांना दिलेलं) व्होल्टेजही तेवढंच. काही बोर्डवर ते १.२५ लाच खिळलेलं असतं. तसं असेल तर व्होल्टेज चढवून फायदा नाही, शून्य-एकाची सीमारेषा एका बाजूला सरकते.

ओहमवाला:
@कथील, इनपुट विचारायचं माझ्याकडून राहिलं, बरं झालं बघितलंत.
@बार्टनप्रेमी, आणखी एक. २२५ ला एरर मेमरीचे आहेत की नॉर्थब्रिजचे (चिपसेटमधली मेमरी सांभाळणारी चिप)? एफएसबी (प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या बसचा वेग) २२५ च ठेवून मेमरीचं गुणोत्तर उतरवा आणि मेमटेस्ट लावा. तरी एरर आले तर चिपसेटचं व्होल्टेज आणि नॉर्थब्रिजवरचा पंखा बघायचा.

बार्टनप्रेमी:
गुणोत्तर उतरवल्यावर २२५ एफएसबीला टेस्ट ५ साफ, म्हणजे दोष मेमरीकडेच. पॉट लावला. रेल ३.०५, व्हीरेफ १.५३, टर्मिनेशनही १.५२, दोन्ही सोबत चढतात. मॉसफेटवर बोट ठेवता येतं. २३० ला २-२-२ वर मेमटेस्ट लावून ठेवलंय. तपकिरी तारेला अजून हात लावलेला नाही. कथील, तिथे किती ओहमपासून सुरुवात करू?

कथील:
आधी २३० चा निकाल सकाळी सांगा. पास झालं तर २३५ बघा. तार त्यानंतर.