हनुवटी मागे आहे: इम्प्लांट बसवायचं की हाड पुढे सरकवायचं?

शिरोडा२३
वय २३. बाजूने बघितलं की हनुवटी मागे दिसते, ६-७ मिमी कमी आहे असं सांगितलंय. दात नीट जुळतात. एका सर्जननी सिलिकॉन इम्प्लांट सुचवलं, दुसऱ्यांनी हाड कापून पुढे घ्यायला. फरक काय? आणि नंतर किती दिवस शहरात थांबावं लागेल?

सुरंगी
आधी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) आणि बाजूचा सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) काढून घ्या. वरचे दात खालच्यांच्या फार पुढे असले तर खोट बहुधा अख्ख्या खालच्या जबड्यात असते, नुसती हनुवटी वाढवून भागत नाही. तुमचे दात जुळतात, म्हणून आता आरशासमोर ओठ सैल सोडा आणि अलगद मिटा. मिटताना हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात का? पडत असतील तर चेहऱ्याचा खालचा भाग बहुधा लांबही आहे. इम्प्लांट फक्त भर घालतं, उंची कमी करत नाही. हाड कापलं तर पुढे, वर, बाजूला, सगळीकडे सरकवता येतं.

इम्प्लांटचं ऑपरेशन लहान असतं. हनुवटीखाली २-३ सेंमी छेद, नाहीतर तोंडातून. पण ते सरकू शकतं, जंतुसंसर्ग झाला तर बहुतेकदा काढावं लागतं आणि काही जणांत त्याच्या दाबाने खालचं हाड झिजतं. २३ व्या वर्षी ६-७ मिमी हवे असतील तर मी हाडच सरकवायला सांगेन.

खाडीपल्याड
सुरंगीताईंशी सहमत. जेनिओप्लास्टीत, म्हणजे हनुवटीचं हाड कापून सरकवण्याच्या ऑपरेशनात, खालच्या ओठाच्या आतून छेद घेतात, बाहेर व्रण नाही. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना हाडातल्या छिद्रातून ओठाला संवेदना देणारी नस बाहेर येते. ती येण्याआधी हाडाच्या आत थोडी खाली उतरून वर वळते, म्हणून काप छिद्राच्या निदान ५ मिमी खाली हवा, सुळ्यांच्या मुळांपासूनही तेवढाच दूर. तुकड्याला जिभेकडच्या बाजूचे स्नायू चिकटलेलेच ठेवतात, रक्तपुरवठा तिथूनच येतो. मग पायरीसारखी वाकवलेली टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू. पट्टी सहसा आतच राहते. हाड जेवढं पुढे जातं, त्याच्या साधारण ८०-९० टक्के फरक त्वचेवर दिसतो.

सर्जनना एक गोष्ट जरूर विचारा: मेंटॅलिस स्नायू (हनुवटीचं मांस आणि खालचा ओठ वर धरणारा) परत जागेवर कसा शिवणार? शिवण सैल राहिली तर हनुवटीचं मांस खाली ओघळतं, खालचे दात जास्त दिसू लागतात. हाड उत्तम बसूनही चेहरा बिघडतो तो इथे.

शिरोडा२३
ओठ बधिर होतो म्हणतात, ते कायमचं?

खाडीपल्याड
बहुतेकांचं काही आठवड्यांत ते महिन्यांत कमी होतं. थोड्यांना कायम राहतं, हे धरूनच ठरवा. तोवर चहा, पेज कोमट झाल्यावरच. चटका बसलेला कळत नाही.

सुरंगी
राहण्याबद्दल: घाट उतरून लगेच घरी येऊ नका. क्वचित जिभेखाली रक्त साठतं, जीभ वर उचलली जाते आणि श्वास अडतो. जिभेखाली फुगलं, गिळता येईना, आवाज घोगरा झाला तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. म्हणून पहिले काही दिवस रुग्णालयाजवळच खोली घ्या आणि सर्जननी तपासून सोडल्यावरच निघा. बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजमध्ये जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे, तुम्हाला दुसरं मत घ्यायला तेच जवळ.

खायला पहिले दोन आठवडे मऊ भात, पेज, गाळलेलं सार. भाकरी नको, काटेरी मासे तर नकोच, टाक्यांत काटा रुतला की जखम उघडते. प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरा.