बंदूक की पिस्तूल? चाप की घोडा? एका मारधाडपटाच्या निमित्ताने

मूळ प्रश्न

'डाय हार्ड' या १९८८ सालच्या अमेरिकी चित्रपटाची मराठी उपशीर्षके मी हौसेने तयार करत आहे. त्यातील पात्रे हातातल्या कोणत्याही शस्त्राला सरसकट 'गन' म्हणतात आणि मीही सगळीकडे 'बंदूक' असे लिहीत गेलो. पहिली वीस मिनिटे घरी दाखवली, तेव्हा वडिलांनी विचारले, "त्याच्या हातात तर पिस्तूल आहे, मग बंदूक कुठे ठेवली आहे त्याने?" तेव्हापासून काम अडले आहे. बंदूक हा शब्द छोट्या शस्त्रालाही चालतो का? बोटाने जो ओढायचा तो भाग चाप की घोडा? आणि 'मशीनगन'ला काही रुळलेला मराठी शब्द आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

आपल्या वडिलांचा कान अगदी बरोबर आहे. मराठीत बंदूक म्हणजे लांब नळीचे, दस्ता खांद्याला टेकवून दोन्ही हातांनी चालवायचे शस्त्र. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणे हा आपला वाक्प्रचारच त्याची साक्ष देतो, कारण खांद्याचा आधार लागतो तो लांब शस्त्राला, पिस्तुलाला नाही. शब्द आला अरबीतून. 'बुंदुक' म्हणजे मुळात एका झाडाचे गोल, कठीण कवचाचे फळ. त्यावरून धनुष्यातून फेकण्याच्या गोळ्यांना ते नाव मिळाले आणि पुढे दारूच्या जोराने गोळी फेकणाऱ्या शस्त्राला. इंग्रजीतला 'गन' हा शब्द तोफेपासून खिशातल्या पिस्तुलापर्यंत सर्वांना पुरतो, मराठीतला बंदूक पुरत नाही. हल्ली डब केलेल्या चित्रपटांत छोट्या शस्त्रालाही बंदूक म्हटलेले ऐकू येते, पण ती इंग्रजी शब्दाची सावली आहे आणि आपण ती पत्करू नये असे माझे ठाम मत आहे.

पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि इतके मुरले की त्यांना आता कोणी परके मानत नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या शस्त्राचा उल्लेख मराठीत 'ब्राउनिंग पिस्तूल' असाच होत आला आहे. तिथे बंदूक हा शब्द घालून पाहावा, म्हणजे तो किती विसंगत वाटतो ते लगेच कळेल.

तेव्हा आपल्या चित्रपटात पोलीस अधिकारी जॉन मॅक्लेन याच्याजवळचे बेरेटा ९२ एफ आणि टोळीप्रमुख हान्स ग्रूबर याच्याजवळचे हेक्लर अँड कॉख पी७ ही दोन्ही पिस्तुले. बाहेरून मॅक्लेनला साथ देणारा सार्जंट पॉवेल मात्र रिव्हॉल्व्हर बाळगतो. त्यात काडतुसे फिरत्या चक्रात बसतात, पिस्तुलात ती मुठीत सरकवलेल्या मॅगझिनमध्ये असतात. बोलताना दोहोंना पिस्तूल म्हटले तरी बिघडत नाही, पण दृश्यात चक्र दिसत असेल, तर रिव्हॉल्व्हर असेच लिहावे. त्यासाठी नवा शब्द घडवू नये.

लिहिताना एक सांभाळावे. पिस्तूल आणि काडतूस हे शब्द नपुंसकलिंगी आहेत आणि विभक्तीचा प्रत्यय लागला की त्यांतला दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो : ते पिस्तूल, पण पिस्तुलातून, ते काडतूस, पण काडतुसाची. 'ती पिस्तूल' हा हिंदीचा परिणाम आहे.

आता चाप आणि घोडा. हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे, कारण इथे मराठीने जपलेला भेद आपण हातचा घालवत आहोत. चाप म्हणजे मुळात धनुष्य. त्यावरून कोणताही वाकवलेला, ताण असलेला भाग, आणि म्हणून बोटाने ओढायचा खटका. घोडा म्हणजे मागच्या बाजूचा तो भाग, जो चाप ओढताच पुढे आपटतो. गारगोटीच्या जुन्या बंदुकांत हाच घोडा जबड्यात गारगोटी धरून असे आणि आपटला की ठिणगी पडे. अंगठ्याने चढवायचा तो घोडा आणि तर्जनीने ओढायचा तो चाप, इतके लक्षात ठेवले तरी पुरे. हिंदीत 'घोड़ा दबाना' म्हणजे चाप ओढणे, आणि त्याचेच शब्दशः रूप म्हणून 'त्याने घोडा दाबला' असे मराठीत लिहिले जाते. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर घोडा म्हणजे अख्खे पिस्तूलच. ती बोली एखाद्या पात्राच्या तोंडी शोभेल, निवेदनात शोभणार नाही.

आपल्या चित्रपटात हा भेद प्रत्यक्ष उपयोगी पडतो. बेरेटाचा घोडा बाहेर, डोळ्यांना दिसेल असा आहे. हान्सच्या पी७ला बाहेर घोडाच नाही. त्याच्या मुठीच्या पुढच्या बाजूस एक पट्टी आहे, ती मुठीसकट आवळली की पिस्तूल झाडण्यास सज्ज होते आणि पकड सैल केली की पुन्हा निर्धोक. त्यामुळे हान्सबद्दल 'घोडा चढवला' असे लिहिले, तर तो भाषेचा नव्हे, वस्तुस्थितीचाच दोष होईल.

दुसरे उत्तर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, पण एका शब्दाची आठवण करून द्यावीशी वाटते. मी कुडाळ तालुक्यातला. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अजूनही ठासणीच्या बंदुका आहेत, आणि निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. नळीच्या तोंडातून दारू आणि छरे घालून गजाने ठासायचे, म्हणून ठासणीची; तयार काडतूस घालायचे ती काडतुसाची. या बंदुकीतून गोळी सुटत नाही, बार सुटतो. बार भरणे, बार काढणे, बार उडणे, आणि दारू ओली असली की फुसका बार. हा शब्द लग्नाचा बार उडवण्यापर्यंत आणि राजकीय भाषणांपर्यंत पोचला, तो याच दारूच्या वासासकट. उपशीर्षकांत त्याला कुठेतरी जागा मिळावी.

पहिल्या उत्तरदात्याकडून पुरवणी

आपण बार आठवून दिलात हे फार चांगले झाले. त्याच्या जोडीला वृत्तपत्रांतल्या गुन्हेवार्तांनी घडवलेले दोन शब्दही घ्यावेत. न झाडलेले ते 'जिवंत काडतूस' आणि झाडून झाल्यावर जमिनीवर पडते ती 'रिकामी पुंगळी'. पुंगळी हा शब्द इतका नेमका आहे की फरशीवर पुंगळ्या पडल्याचा आवाजही त्यातून ऐकू येतो. 'गोळीचे कवच' असे काही रचण्याची गरजच नाही. तसेच शस्त्र 'रोखतात', नेम 'धरतात', गोळी 'झाडतात' आणि एकामागून एक झाडल्या तर त्या 'फैरी'.

मशीनगनबद्दल थोडक्यात सांगतो. मशीनगन हाच शब्द ठेवावा, तो स्त्रीलिंगी रुळला आहे. आटोपशीर स्वयंचलित शस्त्राला आपल्याकडे अनेक जण सवयीने स्टेनगन म्हणतात. पण स्टेन हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने काढलेल्या एका विशिष्ट शस्त्राचे नाव आहे, आणि या चित्रपटातील टोळीच्या हाती दिसतात त्या जर्मन एमपी५ घडणीच्या. कार्ल या पात्राजवळची ऑस्ट्रियन स्टायर ऑग मात्र रायफल आहे. तिचे मॅगझिन चापाच्या मागे असते, त्यामुळे ती आखूड दिसते. तिला बंदूक म्हटले तरी हरकत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सुरुवातीपासून सगळे पुन्हा लिहिले. हान्सच्या मृत साथीदाराच्या अंगातल्या कपड्यावर मॅक्लेन जो मजकूर लिहून पाठवतो, त्यात 'मशीनगन' तशीच ठेवली आहे. आपण ओलीस असल्याची बतावणी करणाऱ्या हान्सच्या हाती मॅक्लेन रिकामे पिस्तूल देतो आणि हान्स ते त्याच्यावरच रोखतो, त्या प्रसंगासाठी दृष्टिहीन प्रेक्षकांकरिता वाचायची एक ओळही मी जोडत आहे. आधी तिथे 'त्याने बंदुकीचा घोडा दाबला, पण गोळी सुटली नाही' असे होते. आता ती ओळ अशी आहे : 'हान्सने चाप ओढला. बार झाला नाही.' कुडाळच्या मित्रांना हा बार चालेल ना?

दुसरे उत्तर देणाऱ्याकडून

चालेल. आमच्या गावातही अगदी असेच म्हणतील.