फायनलायझेशन रजिस्ट्रीचा कॉलबॅक येतच नाही, वेबअसेम्ब्लीची मेमरी सोडवायची कशी?

टपरीवरचा_कोडर:
नमस्कार मंडळी, तीन दिवस झाले एकाच जागी अडकलोय. ब्राउझरमधला फोटो एडिटर लिहितोय, फिल्टर सी प्लस प्लसमध्ये आहेत आणि वेबअसेम्ब्लीत (ब्राउझरमध्ये चालणारा बायनरी कोड) कंपाइल केलेत. एक फोटो ४००० बाय ३००० चा, पिक्सेलला ४ बाइट धरले तर ४८ एमबी, तो सगळा वेबअसेम्ब्लीच्या मेमरीत बसतो आणि जावास्क्रिप्टकडे फक्त त्याचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, ठेवणारा एक छोटा क्लास. जीसी (न लागणारी ऑब्जेक्ट्स आपोआप साफ करणारा गार्बेज कलेक्टर) त्या मेमरीला हात लावत नाही म्हणून कन्स्ट्रक्टरमध्येच फायनलायझेशन रजिस्ट्रीत (ऑब्जेक्ट साफ झालं की आपण दिलेलं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, बोलावणारी सोय) रजिस्टर केलं, पहिलं 'धिस' म्हणजे तो फोटोचा ऑब्जेक्टच, दुसरं एक ऑब्जेक्ट ज्यात 'धिस' पण आहे आणि पॉइंटर पण, कॉलबॅकमध्ये ती मेमरी फ्री. कॉलबॅक एकदाही आला नाही, वीसेक फोटो उघडले की टॅब मरतो. डेव्हटूल्समधलं (ब्राउझरची डेव्हलपर साधनं) जीसी लगेच चालवणारं कचरापेटीचं बटण पण दाबून बघितलं.

रात्रपाळी:
ते दुसरं ऑब्जेक्टच काढून टाक. दुसरं व्हॅल्यू रजिस्ट्री घट्ट धरून ठेवते आणि त्यातच तू 'धिस' दिलंयस, मग तो फोटो कधी सुटणारच नाही. नुसता पॉइंटरचा आकडा दे. आणि कॉन्सोल लॉगमध्ये फोटो छापत असशील तर तेही बंद कर, डेव्हटूल्स उघडे असताना कॉन्सोलसुद्धा ऑब्जेक्ट पकडून बसतो.

टपरीवरचा_कोडर:
अरे खरंच, बटण दाबलं की लगेच कॉलबॅक आला, मनापासून आभार! पण बटण न दाबता वाट बघितली तर दहाबारा फोटो होईपर्यंत काहीच होत नाही.

जुना_गडी:
होणारच. इंजिनला तुझा क्लास काही बाइटचा दिसतो, त्यामागचे ४८ एमबी त्याच्या हिशोबातच नाहीत, मग त्याला घाई कसली? स्पेसिफिकेशनमध्ये तर कॉलबॅक येईलच अशी हमीसुद्धा नाही. वीकरेफ (ऑब्जेक्ट घट्ट न धरणारा संदर्भ) आणि ही रजिस्ट्री २०२१ च्या एक्मास्क्रिप्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या स्टँडर्डमध्ये, आली तेव्हापासून लोक तिला डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना हमखास चालणारं फंक्शन) समजून वापरतात आणि फसतात, मला हे बघून फार वाईट वाटतं. नोडमध्ये (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट) फाइलहँडल, म्हणजे उघडलेल्या फाइलचं ऑब्जेक्ट, जीसीच्या भरवशावर सोडणं डेप्रिकेट केलं, म्हणजे वापरू नका असं सांगितलं, ते याचसाठी.

फोटो बंद झाला की स्वतः क्लोज बोलव, ट्राय-फायनलीत. टाइपस्क्रिप्ट (टाइप्स असलेलं जावास्क्रिप्ट) ५.२ किंवा पुढचं असेल तर 'यूझिंग' लिही, ब्लॉक संपला की सिंबॉल डॉट डिस्पोजवालं फंक्शन आपोआप चालतं. रजिस्ट्री राहू दे, पण कोणी क्लोज विसरलं तर कॉन्सोलवर वॉर्निंग देऊन फ्री करायला.

एक गोष्ट मात्र अजिबात विसरू नको. रजिस्टर करताना तिसरं म्हणून टोकन, म्हणजे नंतर नोंद काढायची खूण, 'धिस'च दे, ते चालतं कारण टोकन घट्ट धरलं जात नाही, आणि क्लोजमध्ये फ्री करायच्या आधी त्याच टोकनने अनरजिस्टर कर. नाहीतर तू हाताने सोडलेला पत्ता दुसऱ्या फोटोला मिळतो, मग उशिराने कॉलबॅक येऊन तोच पत्ता परत फ्री करतो आणि चालू फोटोत मधेच रंगीत पट्टे दिसायला लागतात. हा बग शोधण्यात माझा अख्खा आठवडा गेला होता.

टपरीवरचा_कोडर:
अनरजिस्टर टाकलं, क्लोजपण टाकलं. चाळीस फोटो उघडून बंद केले, मेमरी दोन फोटोंच्या वर गेली नाही.