कोशातून निघालेली माशी ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आरमोरीकडे आम्ही ऐनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे टसर रेशमाचे कोश घेतो. यंदा टसरच्या बऱ्याच रेशीम अळ्यांच्या अंगावर तिळाहून बारीक, पांढरट अंडी चिकटलेली दिसली. काही दिवसांनी तिथंच काळे डाग पडले. पुढे कोशाला भोक पाडून माशीच्या अळ्या निघाल्या अन् मातीत शिरल्या. त्यातल्या चार बरणीत मातीवर ठेवल्या, काल एकीची माशी झाली. घरमाशीपेक्षा मोठी, पोटावर राठ केस. टसरवरची उझी माशी, ब्लेफारिपा झेबिना, हीच का? तुतीच्या रेशीम अळ्यांवरच्या उझी माशीपासून, म्हणजे एक्झोरिस्टा बॉम्बिसिसपासून, ती फोटोत वेगळी कशी ओळखायची? मोबाईलवर पाठ बरी आली, पंखांच्या शिरा मात्र धूसर. माशी जपून ठेवली आहे. चेहरा, शिरा की पाय, नेमकं काय जवळून टिपू? पुढचं पीक वाचवायचं आहे, जाणकारांनी कृपया सांगा.