प्रत्येकाची भीती दुसऱ्याच्या चिठ्ठीत

वर कमेंटमध्ये कुणीतरी म्हटलंय की जिंदगी ना मिलेगी दोबारा हा सिनेमा म्हणजे स्पेनची जाहिरात, प्रतीकं वगैरे आपण उगाच चिकटवतोय. अर्धं पटतं, एकमेकांवर टोमॅटो फेकायच्या सणाच्या सीनमध्ये मलाही काही गहन सापडलं नाही, धमाल आहे ती. पण साहसांची वाटणी बघा ना, तीन मित्र स्पेनला जातात आणि प्रत्येकाने निवडलेलं एक साहस तिघांनीही करायचं असतं. अर्जुनला पाण्याची भीती, आणि डायव्हिंग निवडलंय कबीरने. इमरानला उंचीची भीती, स्कायडायव्हिंग अर्जुनचं. म्हणजे आपण ज्याला घाबरतो ते आपण स्वतः कधीच निवडत नाही, मित्रच ढकलतो तिकडे. आणि अर्जुन सतत फोनवर कामाचं बोलणारा माणूस, त्याला पाण्याखाली नेलंय जिथे बोलताच येत नाही, फक्त श्वास घ्यायचा, वर आल्यावर तो रडतो ते मला तरी अजिबात फिल्मी वाटलं नाही. शेवटी बैलांपुढे धावायची शर्यत. कबीरला ना पाण्याची भीती ना उंचीची, त्याला भीती आहे ती ‘नाही’ म्हणण्याची! आईसाठी घेतलेली अंगठी त्याची मैत्रीण नताशा स्वतःची समजते आणि हा गप्प, लग्न ठरूनही जातं. मग मागे बैल लागल्यावर तरी माणूस खरं बोलेल की नाही? :) पाणी, आकाश, जमीन हा क्रम दिग्दर्शक झोया अख्तरने मुद्दाम लावला असेल-नसेल, तो वाद मला बिनमहत्त्वाचा वाटतो, सिनेमात तो दिसतोय ना, बास. इमरान आणि त्याच्या वडिलांच्या भेटीबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाहीये अजून, मला तो सीन सगळ्यात जास्त खोल वाटतो.