दोन बिअर, दहा हजार आणि कलम १८५

खडूस:
काल ‘रात्रपाळी’ यांनी लिहिलेलं वाचलं आणि डोकं फिरलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: दोन बिअर घेतल्या, गाडी सरळ चालवत होते, नाकाबंदीत नळी फुंकायला लावली, आकडा आला ४१. गाडी अडकवली, कोर्टात दहा हजार भरले, आता लायसन्स निलंबनाची नोटीस. "कुणाला खरचटलंही नाही, मग गुन्हा कसला? निव्वळ वसुली!" खाली माना डोलावणाऱ्यांची रांग.

अहो, कुणाला खरचटायच्या आधी पकडायचं म्हणूनच हे कलम आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागलं, मग गाडी सरळ असो की नागमोडी. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर पंधरा हजार, नाहीतर दोन्ही. तुम्ही फक्त दंडावर सुटलात आणि वर गळा काढताय. २०१९ च्या आधी हाच दंड दोन हजारांपर्यंत होता. माझे दोन मित्र तो बारच्या बिलात धरूनच उठायचे.

रात्रपाळी:
पिऊन चालवावं असं मी कुठे म्हटलं? ३० हा आकडा आला कुठून ते सांगा. इंग्लंडमध्ये ८० चालतात, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतही ८०. ते सगळे वेडे का? आणि नळीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माझ्या आधीच्या माणसाने जी फुंकली तीच माझ्या तोंडात. नवी मागितली तर "चला, मागे रांग आहे". तिच्यावर त्या माणसाच्या तंबाखूचा डाग होता. डाग!

काळाकोट:
८० वाले देश बरे आठवले. स्कॉटलंडमध्ये ५० आहेत, स्वीडनमध्ये २०. नवी नळी मागितलीत ते योग्यच, पण फुंकणारच नाही म्हणाला असतात तर वॉरंटशिवाय अटक झाली असती आणि तो नकार पुरावा म्हणून तुमच्याच अंगावर आला असता. अटक झाली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. तोंडाला वास येतो, झोकांड्या जातात एवढ्यावर भागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्येच म्हटलंय. तुमच्या बाबतीत छापील आकडा आहे. विषय संपला.

तिरकस:
आकडे फक्त आपल्यासाठी. पुण्यात २०२४ मध्ये पोर्शेखाली दोघं गेले, तेव्हा चालवणाऱ्या मुलाला आधी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि मग रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. रात्रपाळी, तुम्हीही निबंध मागून बघा.

काळाकोट:
तो मुलगा अल्पवयीन होता, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे होतं. सगळ्याची एकच खिचडी करू नका.

मागचीसीट:
माझा वेगळाच प्रश्न. लग्नाहून निघताना जास्त झाली होती म्हणून शहाण्यासारखा पार्किंगमध्येच गाडीत झोपलो. एसी चालू होता, म्हणजे इंजिनही चालू. पोलिसांनी काच वाजवली आणि तासभर हुज्जत. गाडी जागची हलली नव्हती, तरी १८५?

काळाकोट:
कलमात "चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना" असे शब्द आहेत. स्टिअरिंगमागे बसून इंजिन चालू म्हणजे प्रयत्न म्हणायचा की नाही, यावर मी दिवसभर भांडू शकतो, पण माझी फी तुम्हाला झोपेपेक्षा महाग पडेल. मागच्या सीटवर झोपायचं, चावी डिकीत.

खडूस:
आणि इंजिन बंद! बंद जागेत इंजिन चालू ठेवून झोपलेले कार्बन मोनॉक्साइडने गेलेत. पोलिसांनी काच वाजवली, पाया पडा त्यांच्या.

मागचीसीट:
चावी डिकीत टाकून डिकी बंद केली तर सकाळी आत कसं शिरायचं, हेही सांगा. उकाड्यात काचा लावून झोपून बघा एकदा.

तिरकस:
म्हणजे पिऊन चालवलं तर गुन्हा, न चालवता झोपलं तर हुज्जत, एसी लावला तर मरण. घरीच प्यावी.

खडूस:
घरीच प्यावी! पाच जणांनी भांडून एक अक्कल निघाली.

रात्रपाळी:
अक्कल काढायची नाही हं. वयाचा मान ठेवतोय म्हणून गप्प आहे.

ऊनपाऊस:
तुमचं चालू द्या. २०१६ मध्ये माझ्या वडिलांना सकाळी साडेसहाला गाडीने उडवलं. चालवणारा दोन वाजेपर्यंत पीत होता, "झोप काढून निघालो" म्हणाला. मी पोचले तेव्हा बाबांचा एक बूट दुभाजकाजवळ होता. पायातून निघाला होता, पण लेस तशीच बांधलेली, त्यांची ती दुहेरी गाठ. त्याचं रक्त घेतलं दुपारी दोनला. अहवालात ३० च्या खाली, त्यामुळे १८५ गेलं. उरलं ३०४-अ, निष्काळजीपणामुळे मृत्यूचं कलम. जामीन त्याच दिवशी.

काळाकोट:
ताई, हे होतं. शरीर तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम कमी करतं. रात्री दोनला १५० असतील तर साडेसहाला ६० ते ८० च्या आसपास असतात, आणि दुपारी दोनपर्यंत काहीच उरत नाही. म्हणून जागेवरची नळी महत्त्वाची, डाग असला तरी.

खडूस:
विम्याचंही ऐका. तुमच्या गाडीचं नुकसान विसरा. समोरच्याला विमा कंपनी आधी देते आणि मग तुमच्याकडून वसूल करू शकते. तेव्हा दहा हजार आठवणारही नाहीत.

रात्रपाळी:
ऊनपाऊस, तुमच्यापुढे बोलायला मला तोंड नाही. खडूसांपुढे आहे. ठीक, ४१ म्हणजे ४१, आकड्यावर पुन्हा बोलणार नाही. लायसन्स आज जमा केलं, तीन महिने बसने फिरेन, आनंद साजरा करा. नळीचा अर्ज मात्र उद्या देतोय, डागाच्या फोटोसकट.

मागचीसीट:
नाकाबंदीत फोटो काढू दिला? आणि चावीचं कुणी सांगितलंच नाही.